शमाल येऊन गेला, आता धुक्याचं बघा!



दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी पोचलेला असतो, कंदील अजून बाल्कनीत लटकत असतो, आणि अशात एका सकाळी दार उघडावं तर बाहेर चक्क गार वारा! आदल्या रात्रीपर्यंत शर्ट पाठीला चिकटत होता आणि आज अंगावर शिरशिरी. लगेच व्हॉट्सॲपवर सुरू: "थंडी आली!", "आम्ही एसी बंद केला बरं का!", "या शनिवारी हत्ता की जबल जैस?" कोणीतरी आल्याच्या चहाचा फोटो टाकतं. दोन दिवसांनी वारा पडतो, पुन्हा उकडायला लागतं आणि तीच मंडळी म्हणतात, "छे, ही हवामानखात्याची माणसं काहीही सांगतात!"

ती काहीही सांगत नाहीत. आपण अंदाज अर्धाच वाचतो. कमाल तापमान किती उतरलं एवढं बघितलं की आपलं काम झालं! पण इथे शरद ऋतूत थंड हवेची आघाडी, म्हणजे बातम्यांतला कोल्ड फ्रंट, येऊन गेल्यावर जे चार-पाच दिवस येतात, त्यांचा अंदाज खालपर्यंत वाचावा लागतो. वारा कुठून आहे, रात्रीची आर्द्रता किती, समुद्र कसा आहे, वगैरे. पहाटे पाचला शारजाहून जबल अलीला निघणाऱ्या माणसासाठी खरी बातमी त्या खालच्या ओळींत असते. माझी स्वतःची बरीच वर्षं त्याच रस्त्यावर गेली, त्यामुळे हे जरा पोटतिडकीनं लिहितोय.

मुळात आपल्या डोक्यात बसलेलं पंचांग वेगळं आहे. आपल्याकडे दसरा झाला की छत्र्या माळ्यावर जातात. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, चार महिने राहतो आणि सांगून जातो. इथे सगळं उलटं. पावसाची शक्यता दसऱ्यानंतरच सुरू होते आणि पाऊस येतो पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या दिशेनं. तोसुद्धा चार महिने नाही, वर्षातले मोजके दिवस. त्यामुळे "पाऊस" म्हटल्यावर आपल्याला जी सवयीची, ओळखीची गोष्ट आठवते, ती ही नव्हेच.

इथल्या जुन्या लोकांनी मात्र हे सगळं बारकाईनं टिपून ठेवलेलं आहे. ऑगस्टच्या २४ तारखेच्या सुमारास पहाटे दक्षिणेला सुहैल तारा दिसू लागतो आणि अरबी घरांत उन्हाळा उतरणीला लागल्याचा आनंद होतो. हा सुहैल म्हणजे आपला अगस्ती! अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं असं आपल्याकडे मानतात. इथे सुहैल उगवला की रात्र निवळते असं मानतात. एकच तारा आणि समुद्राच्या दोन्ही काठांवर त्याच्याकडे बघून ऋतू ओळखणारी माणसं. मला तरी याची फार गंमत वाटते. सुहैलपासून दहा-दहा दिवसांचे हिशोब मांडायची जी पद्धत आहे तिला 'दुरूर' म्हणतात. मासेमारी, मोती काढणं, खजुराची कामं हे सगळं त्यावर चाले. पुढे साधारण १६ ऑक्टोबर ते ६ डिसेंबर या काळाला 'वस्म' म्हणतात. या दिवसांत पडलेला पाऊस सर्वांत मोलाचा. त्यानं वाळवंटात गवत फुटतं आणि पुढे जमिनीखालची 'फगा' नावाची अळंबी मिळते. म्हणजे आपण ज्याला अवकाळी म्हणून नाकं मुरडतो, तो इथला अगदी वेळेवरचा पाऊस असतो.

आता आघाडी येते म्हणजे काय होतं? जड, थंड हवा वायव्येकडून सरकत येते आणि इथल्या उबदार, दमट हवेखाली पाचर घुसावी तशी घुसते. दमट हवा वर उचलली जाते, ढग होतात. वरच्या थरातही थंड हवेचा पट्टा असेल आणि तांबड्या समुद्राकडून बाष्प येत असेल, तर गडगडाटासह पाऊस होतो. नसेल तर नुसतेच ढग आणि वारा. आघाडी पुढे गेली की वायव्येचा जोरदार वारा सुटतो, तोच शमाल. अरबीत शमाल म्हणजे उत्तर. पहिल्या दिवशी तो धूळ आणतो आणि अरबी आखात खवळतं. या दिवशी मुलांना घेऊन जुमेराच्या किनाऱ्यावर जायचा बेत करू नये, लाटा वरून दिसतात त्यापेक्षा जोरदार असतात. ज्यांना दमा आहे त्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात. भारतातून आई-बाबा याच सुमाराला येतात, "बाहेर छान वारा आहे" म्हणून सकाळी फिरायला निघतात आणि रात्री खोकत बसतात. आमच्याकडे दोनदा झालंय.

जाता जाता एक. उन्हात काम करणाऱ्यांसाठी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची सुट्टी असते. २००५ पासूनचा हा नियम चांगलाच आहे. पण १६ सप्टेंबरला ऊन काही सुट्टीवर जात नाही. ऑक्टोबरातही पारा पस्तिशीच्या पुढे असतो. गार वाऱ्याचं खरं कौतुक साइटवरच्या माणसाला विचारावं, आणि त्या पहिल्या शमालच्या दिवशी सर्वांत जास्त धूळही त्याच्याच नाकातोंडात जाते.

पावसाचं म्हणाल तर आपल्या सगळ्यांना आठवेल असा शरद ऋतूतला दिवस म्हणजे १७ नोव्हेंबर २०२३. दोनच दिवसांपूर्वी भाऊबीज झालेली. शुक्रवारी पहाटे विजांचा कडकडाट सुरू झाला आणि उजाडेपर्यंत दुबईतल्या कित्येक रस्त्यांचे ओढे झाले होते. हवामान केंद्राने इशारा दिलेला होता, शाळा ऑनलाइन झाल्या, ज्यांना शक्य आहे त्यांनी घरून काम करावं असंही सांगितलं गेलं. तरीही "सकाळी होईल कमी" म्हणून गाड्या घेऊन निघालेले आणि अर्ध्यात अडकलेले आपल्यातही बरेच निघाले. मग रविवारी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो आणि त्या दुःखात पावसाचं सगळे विसरलेच. खरं म्हणजे तेव्हा विसरायला नको होतं. पाच महिन्यांनी काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

१६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यातला हा सर्वांत मोठा आकडा. दुबई विमानतळावर सरासरी वर्षभरात ९५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथे त्या एका वादळात सुमारे १४२ मिलिमीटर झाला. कोकणातल्या माणसाला १४२ चं काय कौतुक? रत्नागिरीत जुलैमध्ये एवढा पाऊस झाला तर पेपरात आतल्या पानावर येतो. पण तिथे पऱ्हे आहेत, ओढे आहेत, नद्या आहेत. इथे सपाट वाळू, त्यावर डांबर आणि पाणी जायला जागाच नाही. शारजात अल मजाझ, अल कासिमिया भागात कितीतरी दिवस पाणी तुंबून होतं. देशभरात किमान चार माणसं गेली.

तेव्हा एक गोष्ट घरोघर सांगितली गेली: "कृत्रिम पाऊस पाडायला गेले आणि हे झालं." हवामान केंद्राने स्पष्ट सांगितलं की त्या वादळात ढगांवर बीजारोपण करायला एकही विमान गेलं नव्हतं. आणि साधा विचार करा, शेकडो किलोमीटर पसरलेली, ओमानपासून बहरीनपर्यंत बरसलेली ढगांची माळ कुणाच्या एका विमानातल्या मिठाच्या नळकांड्यांनी कशी होईल? जगभरच्या शास्त्रज्ञांच्या 'वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन' या गटाने त्या पावसाचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की एल निनोच्या वर्षांत या भागातला असा मुसळधार पाऊस, जग तापण्याच्या आधीच्या काळापेक्षा १० ते ४० टक्क्यांनी जास्त जोराचा झालाय. म्हणजे "पंचवीस वर्षांत असं बघितलं नाही" हे आपलं नेहमीचं वाक्य पुढच्या पंचवीस वर्षांसाठी फारसं कामाचं नाही. सरकारनेही ते ओळखलेलं दिसतं. जून २०२४ मध्ये दुबईने 'तसरीफ' नावाची पावसाचं पाणी वाहून नेण्याची ३० अब्ज दिरहॅमची योजना मंजूर केली, पण ती पूर्ण व्हायची आहे २०३३ साली! तोवरचे हिवाळे आपले आपणच सांभाळायचे आहेत.

सांभाळायचे म्हणजे काय, तर एक म्हणजे गाडीचा विमा. मुलकिया रिन्यू करताना दोन-चारशे दिरहॅम वाचवायला जुन्या गाडीवर थर्ड पार्टी घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत (मीही होतो). थर्ड पार्टीत बुडालेल्या गाडीचा एक फिल्सही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असेल तरी पूर, वादळ यांचं कलम नीट वाचा. आणि गाडीत पाणी शिरलं असेल तर किल्ली फिरवून बघू नका. एप्रिलच्या त्या आठवड्यात माझ्या एका मित्रानं बेसमेंटमधून पाणी उतरल्यावर "बघू तरी चालू होते का" म्हणून स्टार्टर मारला. इंजिन गेलंच, वर विमा कंपनीनं "हे नुकसान तुम्ही केलंत" म्हणून क्लेम नाकारला. दुबई पोलिसांनी तेव्हा पावसात खराब झालेल्या गाड्यांसाठी ॲपवरून दाखला मिळायची सोय केली होती, ती त्याला नंतर कळली. फोटो काढायचे, दाखला घ्यायचा, टो ट्रक बोलवायचा; चालू करून बघायचं काम गॅरेजवाल्याचं.

दुसरं म्हणजे वादी. पाऊस पडला की हत्ता, रास अल खैमा, फुजैरा इकडे धबधबे बघायला निघायची आपली हौस मी समजू शकतो. माळशेज आणि आंबोली बघितलेली माणसं आपण! पण वादी वरून कोरडी असते तेव्हाच वीस किलोमीटरवरच्या डोंगरात पाऊस पडून तिचं पाणी निघालेलं असतं. २७ जुलै २०२२ ला फुजैरात काय झालं आठवतंय ना? ऐन उन्हाळ्यात २५५ मिलिमीटर पाऊस आणि सात जणांचे प्राण गेले, सगळे आशियाई. २०२३ पासून पाणी वाहत असलेल्या वादीत गाडी घातली तर २००० दिरहॅम दंड, २३ काळे गुण आणि ६० दिवस गाडी जप्त. मार्च २०२५ पासूनच्या नव्या वाहतूक कायद्यात तर तुरुंगवास किंवा किमान ५० हजार दिरहॅम दंडापर्यंत गोष्ट गेली आहे. नुसतं काठावर गर्दी करून बघत उभं राहिलं तरी दंड आहे. व्हिडिओ टीव्हीवर बघा, तोही फार छान दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते धुकं.

पाऊस झाला, शमाल येऊन गेला, धूळ बसली, आकाश लख्ख. आपल्याला वाटतं, झालं, संपलं. अंदाजातही इशारा नसतो, पिवळा नाही की नारिंगी नाही. पण दोन-तीन दिवसांत वारा पडतो आणि समुद्रावरून दमट हवा परत आत येऊ लागते. आघाडीनं रात्री गार केलेल्या असतात, आकाशात ढग नसल्यामुळे जमिनीची ऊब रात्रभर सरळ वर निघून जाते. वाळू तर पाण्याच्या मानानं चटकन थंड होते. त्या गार जमिनीवर ती दमट हवा टेकली की पहाटे दोन-तीननंतर धुकं धरतं. पाऊस पडून माती ओली असेल तर आणखी दाट. म्हणून शहरात काही नसतं आणि घंटूत, अल फका, स्वैहान, अल धफरा या बाजूला समोरच्या गाडीचा दिवा दिसत नाही. स्वैहानचंच बघा. १ ऑगस्ट २०२५ ला तिथे ५१.८ अंश नोंदवले गेले. त्याच स्वैहानला हिवाळ्यात पहाटे गाडीच्या काचेवर दव पुसावं लागतं. समुद्रापासून आत गेलं की हवा अशी दोन्ही टोकांना पळते. दुबईत मरिनाच्या विसाव्या मजल्यावरून बघून अल ऐनच्या रस्त्याचा अंदाज बांधू नये, तो याचसाठी.

११ मार्च २००८ ची सकाळ जुन्या मंडळींना आठवत असेल. अबू धाबी-दुबई महामार्गावर घंटूतजवळ धुक्यात २०० च्या आसपास गाड्या एकमेकांवर आदळल्या, कित्येकांनी पेट घेतला. त्या दिवशी ना वादळ होतं, ना पाऊस. हवा शांत होती, तीच तर अडचण! तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाल्या. अबू धाबीत धुकं पडलं की रस्त्यावरच्या फलकांवर वेगमर्यादा ताशी ८० वर येते आणि फोनवर सूचना येते. ती आली की खरोखर ८० वर या. मागचा दिवे मारतोय म्हणून १२० वर राहू नका.

आणि एक सवय मोडायला हवी. घाटात धुकं लागलं की आपल्याकडे सगळे इंडिकेटरच्या चारही बत्त्या लावून चालतात. खंडाळा-कसारा करून आलेला माणूस इथेही हात आपोआप तिकडेच नेतो. इथे चालत्या गाडीत त्या बत्त्या लावणं गुन्हा आहे, ५०० दिरहॅम आणि चार काळे गुण. कारण त्या लावल्या की तुम्ही उभे आहात की चालताय, लेन बदलताय की नाही, मागच्याला कळतच नाही. फॉग लाइट आणि साधे लो बीम लावायचे. अगदीच दिसत नसेल तर पेट्रोल पंपात शिरून चहा घ्यायचा. ऑफिसला उशीर होईल, साहेब दोन शब्द बोलेल. बोलू दे.

मग अंदाज वाचायचा कसा? राष्ट्रीय हवामान केंद्राचं ॲप फोनवर ठेवा आणि चित्रातल्या सूर्य-ढगाखालचा मजकूर वाचा. वारा वायव्येचा आणि "कधी कधी जोरदार" असेल तर धूळ आणि खवळलेला समुद्र. वारा मंद, दिशा पूर्व-आग्नेय आणि "रात्री व पहाटे काही अंतर्गत भागांत दमट" असं वाक्य दिसलं, की दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं आधी निघा. पावसाबद्दल मात्र केंद्राकडूनही अशी अपेक्षा ठेवू नका की देरात पडेल की अल कूजमध्ये हे ते आदल्या दिवशी सांगतील. इथले ढग छोटे, उंच आणि लहरी असतात. एका सिग्नलला पाऊस आणि पुढच्या सिग्नलला कोरडं ठाक. जिल्ह्याजिल्ह्याचा अंदाज ऐकत वाढलेल्या आपल्याला हे चुकल्यासारखं वाटतं, पण ती चूक नव्हे.

आणि कृपया ते "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" वालं पुढे पाठवू नका! "उद्या दुबईत गारा, सर्व शाळा बंद" असला एखादा निरोप दर नोव्हेंबरात फिरतो. २०२१ च्या ३४ व्या केंद्रीय कायद्यानुसार अफवा पसरवल्यास किमान एक वर्ष कैद आणि एक लाख दिरहॅम दंड होऊ शकतो. "मी फक्त पुढे पाठवलं" हे कारण चालत नाही. काकूंनी नागपूरहून पाठवलेलं असलं तरी.

आता शेवटी घरचं. माझा मेहुणा निफाडजवळ द्राक्षं करतो. ऑक्टोबरात छाटणी झाली की त्याचा मला आठवड्याला एक फोन ठरलेला. विचारपूस नंतर, आधी प्रश्न: "दाजी, तिकडं पाऊस झाला का?" सुरुवातीला मला हसू यायचं. पण तो वेडा नाही. आपल्यावरून गेलेला वरच्या थरातला पट्टा पुढे इराण-पाकिस्तानवरून भारतात शिरतो, ज्याला तिकडच्या पेपरात पश्चिमी चक्रावात म्हणतात. बरेचसे सरळ काश्मीर-पंजाबकडे जातात, पण एखादा खाली उतरतो. मग निफाडला पारा घसरतो आणि मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. आणि त्याला अरबी समुद्राचं बाष्प मिळालं तर गारा! २६ नोव्हेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्याकडच्या त्या शुक्रवारनंतर नऊच दिवसांनी, निफाडच्या बागा गारांनी झोडपल्या. ते आपल्याच पावसाचं शेपूट नव्हतं, नंतरचं दुसरं वादळ होतं, पण येण्याची वाट तीच. जानेवारी २०२२ मध्ये तर आखात आणि बलुचिस्तानच्या बाजूची धूळ मुंबई-पुण्यापर्यंत पोचली होती आणि लोक गाड्यांवर पांढरा थर बघून चक्रावले होते.

त्यामुळे हल्ली मी त्याला नीट उत्तर देतो. वारा कुठला, पाऊस किती, किती दिवस टिकला. तो म्हणतो, "बरं, मग डावणीची फवारणी उद्याच उरकतो." आणि फोन ठेवता ठेवता मला सांगतो, "पहाटे गाडी हळू चालवा, तुमच्याकडं आता धुकं पडंल."